दुःखाच्या घरी वैष्णवांचे पान



माघ महिना लागला की आमच्या चिमुरात घरोघरी सारवण निघते. श्रीहरी बालाजी महाराजांची घोडायात्रा जवळ आलेली असते. ब्रह्मपुरी, वरोरा, भिवापूर, उमरेड या बाजूचे सोयरे आणि माळकरी स्नेही वर्षानुवर्षे ठरल्या घरी उतरतात. कोणाकडे कोण उतरणार हे पत्राने कळवावे लागत नाही. बाजा बाहेर काढल्या जातात, तांदूळ निवडून ठेवतात, सांदवाडीतली वांगी पाहुण्यांसाठी राखतात. हा सगळा आनंदच आहे. पण दर वर्षी गावात अशी चार-दोन घरे असतातच, की जिथे गेल्या यात्रेला बसलेला माणूस या यात्रेला नसतो. त्या घरापुढे प्रश्न उभा राहतो, पाहुण्यांना या म्हणावे की यंदा दुसरीकडे उतरा म्हणून सांगावे?

हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेला आहे. एका घरची गोष्ट सांगतो. घरधनी मोठा वारकरी, टाळ धरला की रात्र सरावी. त्याची अकरा स्नेह्यांची मंडळी दर यात्रेला चार दिवस त्याच्या ओसरीवर. मार्गशीर्षात तो गेला. माघ आला तेव्हा मुलगे म्हणू लागले, यंदा वर्षाच्या आतले घर आहे, निरोप पाठवून द्यावा. मला शास्त्र विचारायला बोलावले. माउली दाराआड बसली होती. ती एवढेच बोलली, “महाराज, थे होते तवा मी रांधत होती जी. आता कोनासाठी रांधू?”

श्रोतेहो, मुलांचा प्रश्न शास्त्राचा होता, माउलीचा शास्त्राचा नव्हता. मुलांना उत्तर देणे सोपे. अशौच ठरल्या दिवसांचे असते. दशाह होऊन तेरवी झाली की ते फिटले. वर्षभर लग्नमुंज करू नये, सणाला गोडधोड करू नये, हा लोकाचार आहे, आणि तो पाळावा. त्यात गेलेल्याचा मान आहे. पण पाहुण्याला जेवू घालणे हे मंगलकार्य नव्हे. गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले, त्यांत मनुष्ययज्ञ एक आहे. रोजच्या कर्माला वर्षाची सुट्टी कोण देणार? आता अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, आणि ही मंडळी तर तिथी धरूनच येतात; तेव्हा यांना अतिथी म्हणावे की नाही, असा वाद एखादा पंडित काढील. काढू दे. भुकेल्याला ती व्युत्पत्ती लागत नाही.

माउलीचे उत्तर मात्र अवघड. हात चालत नाही, त्याला काय करावे? आणि त्यातच तिच्या मनात दुसरी एक भीती होती. पाहुण्यांसमोर डोळ्याला पाणी आले तर लोक म्हणतील, एवढ्या वारकऱ्याची बायको, हिच्या अंगी भक्ती नाही. ही भीती तिला कोणी दिली? स्पष्ट बोलतो, ती आम्हां कीर्तनकारांनी दिली. आम्ही चांगुणेचे आख्यान लावतो. अतिथीसाठी तिने चिलयाबाळाला उखळात घातले आणि डोळ्यांतून टिपूस गाळले नाही, हे आम्ही असे रंगवतो की मंडपात टाळ्या पडतात. ते शिवाने घेतलेले सत्त्व होते, आणि त्याच दिवशी त्याने बाळ परत दिला. आपल्या घरचा गेलेला माणूस त्याच दिवशी परत येत नाही. तेव्हा चांगुणेच्या मापाने गावातल्या बायांचे डोळे मोजू नयेत.

आपल्या संप्रदायाचे माप निराळे आहे, ते आळंदीला पाहावे. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. माउली ज्ञानेश्वर महाराज समाधीस बसले. नामदेवराय तेथे होते आणि त्यांनी तो प्रसंग अभंगांत सांगितला आहे. निवृत्तिनाथ कोण? ज्ञानोबारायांचे सद्गुरू. आत्मा मरत नाही हे ज्यांनी शिकवले ते. त्यांचा धीर सुटला. नामदेवराय रडले, सोपानदेव, मुक्ताबाई रडल्या, सगळे संत रडले. आणि हे सारे कोणत्या दिवसांत? एकादशीचा जागर झाला, द्वादशीचे पारणे झाले, मग त्रयोदशी आली. पंगत आणि शोक एकाच अंगणात होते. उद्या काय होणार हे ठाऊक असून संतांनी पाने मांडली. ज्या ठिकाणी निवृत्तिनाथांना रडू आले, त्या ठिकाणी आमच्या चिमूरच्या मायने डोळे कोरडे ठेवावेत, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

दुसरी अडचण शिध्याची. कमावता गेला की घरात मागल्या वर्षीसारखे होत नाही. चार भाज्या, वडे, पातोडी कुठून आणावी? येथे मला चित्रकूट आठवते. भरताने दशरथ गेल्याचे सांगितले, तेव्हा प्रभू रामचंद्र मूर्च्छित पडले. मग मंदाकिनीवर जाऊन जलांजली दिली आणि पिंड दिला तो कशाचा? इंगुदीच्या पेंडीत बोरे कालवून. इंगुदी म्हणजे आपले हिंगणबेट. आपल्या रानात काट्याकुट्यांत वाढते, पोरे त्याला हातसुद्धा लावत नाहीत. कौसल्यामातेने मागाहून तो पिंड दर्भावर ठेवलेला पाहिला आणि तिला गहिवर आला, की चक्रवर्ती राजाने हे खावे! पण वाल्मीकींनी रामाच्या तोंडी कारण घातले आहे. माणूस जे अन्न स्वतः खातो तेच त्याच्या देवतांचे अन्न. अयोध्येच्या राजाला बोराचा पिंड चालला, तर वारकऱ्याला वरण-भात चालतो. उसने काढून पंगत घालू नये. तेरवीसाठी एकदा कर्ज झालेले असते, त्यावर यात्रेचे दुसरे चढवणे हे पुण्य नव्हे.

त्या घरी तसेच झाले. मंडळी आली. वरण, भात आणि वांग्याची भाजी. वाढताना माउलीचा हात थांबला, कारण ओसरीच्या ज्या टोकाला धनी बसत तेथे दुसरे कोणी बसले होते. पंगत थांबली. “रडू नका” असे कोणी म्हटले नाही. एका म्हाताऱ्याने विचारले, त्यांचे टाळ कुठे आहेत? तिने ते फळीवरून काढून दिले. रात्री भजनात ते वाजले, आणि ती बाहेर येऊन बसली.

हे गाव अशा पाहुणचाराला नवे नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. बालाजी रायपूरकर यांना हौतात्म्य आले, मागोमाग लष्कर आले, आणि घरोघरी जे झाले ते जुन्या लोकांनी फार थोडे बोलून दाखवले. त्या तारखेला दर वर्षी बाहेरगावची माणसे येथे वंदनाला येतात. त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा येतो आणि पानही मांडले जाते.

आता जे पाहुणे म्हणून जातात त्यांना दोन शब्द. भरत रामाला भेटायला निघाला तेव्हा भरद्वाजांनी प्रयागी त्याचा थोर पाहुणचार केला. राजासन मांडले. भरताने त्या आसनाला नमस्कार केला आणि स्वतः मंत्र्याच्या आसनावर बसला. शोकाच्या घरी कुठे बसावे हे त्याला कळत होते. आपल्याला का कळू नये? गेलेल्या माणसाच्या जागेवर जाऊन बसू नये. आजार काय होता, डॉक्टरने किती घेतले, शेत कोणाच्या नावावर झाले, या चौकशा पंगतीत करू नयेत. आपला शिधा आपण न्यावा, पाणी आपण भरावे, भांडी घासायला हात लावावा. गेलेल्याचे नाव टाळू नये. पुष्कळांना वाटते की नाव काढले तर दुःख वाढेल. घरच्यांच्या मनात ते नाव दिवसरात्र चाललेलेच असते. बाहेरच्या कोणी उच्चारले की त्यांना बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

आणि यात्रा झाली की काम झाले असे समजू नये. माघात गाव भरलेले असते. वर्षश्राद्ध पुढल्या मार्गशीर्षात येते, तेव्हा ना यात्रा ना गर्दी, आणि ओसरी रिकामी असते. म्हणून निघताना मुलाजवळ बसून तिथी विचारून घ्यावी, वहीत टिपावी, आणि त्या दिवशी अकरा नाही तर दोघांनी तरी टाळ घेऊन जावे.