मुशीचं बीज सोडता येत नाही

वाशीम जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इथे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या दोन-तीन पिढ्यांनी एक शार्क अगदी आतून पाहिलेला आहे. हातभर लांब, पसरट नाकाडाचा, फॉर्मॅलिनमध्ये राखाडी पडलेला. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी खिळवून त्याच्या कल्ल्यांकडे जाणाऱ्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या करायच्या, डोक्यातल्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या नसा न तोडता शोधायच्या. डोळ्यांना पाणी आणि बोटांना दिवसभर न जाणारा वास. पुस्तकात त्याचं नाव स्कॉलिओडॉन. मुंबई-रायगडकडचे कोळी त्याला मुशी म्हणतात, मालवणकडे तो मोरी होतो.

हा प्राणी देशभरच्या प्रयोगशाळांत पोचला, त्याचं बरंचसं श्रेय इव्हँजेलिन थिल्लयंपलम या प्राध्यापिकेला जातं. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईंनी १९२८ साली ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत स्कॉलिओडॉनवर पुस्तिका लिहिली. लखनौलाही समुद्र नाही, हे विशेष. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११पासून विच्छेदन कमी करत आणलं आणि २०१४मध्ये ते थांबवलं. ते योग्यच झालं. पण इतकी वर्षं ज्याच्या नसा आम्ही मोजल्या, तो समुद्रात किती वर्षं जगतो, किती पिल्लं देतो, कुठल्या जाळ्यात सापडतो, हे अभ्यासक्रमाने आम्हाला जवळजवळ विचारलंच नाही.

विचारलं असतं तर त्या बरणीतला सर्वात मोठा चमत्कार हाती लागला असता. ‘स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस’ हे नाव बर्लिनच्या म्युलर आणि हेन्ले यांनी १८३८ साली दिलं. याच योहानेस म्युलरने १८४२मध्ये आईच्या पोटात वारेने जोडलेल्या शार्कच्या पिल्लांविषयी लिहिलं आणि ॲरिस्टॉटलचं दोन हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण खरं ठरवलं. मुशी त्याच गोष्टीचं टोक आहे. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कांमध्ये सर्वात लहान. त्यात बलक जवळपास नसतोच. गर्भ काही मिलिमीटरचा असतानाच गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो, तिथे वार तयार होते आणि त्याचं पुढचं सगळं पोषण आईकडून होतं. त्याच्या नाळेवर बारीक तंतूंची झालर असते. पाच-सहा महिन्यांनी बारा-पंधरा सेंटिमीटरची तयार पिल्लं बाहेर येतात, एका वेळी पाच-सहापासून अठरा-वीसपर्यंत. माशांमध्ये याहून प्रगत वार सापडलेली नाही, असं जाणकार म्हणतात.

आता हे सगळं आमच्या मातीतल्या मासेमारीशेजारी ठेवून पाहावं. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला किंवा तलावातला रोहू, कटला, मृगळ. भोई समाजाच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात आणि मत्स्यजिरे, बीज नाहीतर बोटुकली, म्हणजे माशांची लहान-मोठी पिल्लं, आणून सोडतात. यंदा कमी भरलं, तर पुढल्या साली जास्त सोडायचं. हे शक्य होतं, कारण रोहूची मादी किलोमागे दोनेक लाख अंडी देते आणि १९५७च्या जुलैमध्ये ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूषग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ही अंडी हुकमी घालून घेण्याची रीत बसवली. देशातलं गोड्या पाण्यातलं मत्स्यपालन त्या सुईवर उभं आहे. किती बीज सोडलं, हाच मग सरकारी यशाचा आकडा होतो.

मुशीला ही सुई लागू नाही. वीस पिल्लांची दोन लाख होणार नाहीत. तिच्या बाबतीत माणूस भर घालू शकत नाही. तो फक्त कमी काढू शकतो. आपल्या मत्स्यविभागांची आणि आपलीही मनं पेरणी-कापणीच्या हिशेबात वाढलेली. न काढणं हेसुद्धा काम आहे, हे आपल्या पचनी पडत नाही.

तरी शार्क म्हटल्यावर सगळ्यांना एकाच मापाने मोजणंही चूक. मुशी साधारण पस्तीस सेंटिमीटरला, वर्ष-दोन वर्षांत वयात येते, वर्षभर केव्हाही विते आणि पाच-सहा वर्षं जगते. हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या शार्कच्या मादीला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. दोघांना एकच ‘शार्क’ हा शिक्का मारला की कायदा फसतो, आणि तसा तो फसलेला आहे. जुलै २००१मध्ये केंद्राने सरसकट सगळे शार्क आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. किनाऱ्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात यादी मोजक्या जातींवर आली. माझ्या मते माघार बरोबर होती, पण मुशीसारख्या रोजच्या माशाचं काय करायचं, हा प्रश्नही त्या माघारीत वाहून गेला.

नंतरचे नियम पंखांभोवती फिरले. २०१३मध्ये पंख अंगाला असल्याशिवाय शार्क उतरवायचा नाही असं ठरलं, २०१५मध्ये पंखांच्या निर्यातीवर बंदी आली. २०२२मध्ये पनामा इथल्या परिषदेत ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात मुशीचं अख्खं कुटुंब दुसऱ्या परिशिष्टात गेलं. हे सगळं परदेशी व्यापारासाठी. मुशीचा प्रवास मात्र बंदरापासून घरच्या कालवणापर्यंत. शार्कच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो आणि दर्प सुटतो. म्हणून ताजी मुशी किनाऱ्यालाच खपते. आमच्या आठवडी बाजारात समुद्राची आठवण सुकट-बोंबलातूनच येते.

राहिली जाळी. मुशीसाठी म्हणून कोणी खास होडी काढत नाही. वर्सोवा, अर्नाळा, सातपाटीकडे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या डोलीत, म्हणजे डोल जाळ्यात, बोंबील, जवळा, करंदी यायची असते. मुशी जवळा आणि लहान मासे खायला तिथेच उथळ पाण्यात येते आणि त्यांच्याबरोबर सापडते. बोटीमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्यातही तेच. म्हणून ‘मुशी इतकीच पकडा’ असं सांगण्याला अर्थ नाही. राज्याने २०२३मध्ये पापलेटसकट ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. धोरण म्हणून पाऊल चांगलं, पण डोलीतून बोटीत पडलेला लहान मासा बहुधा मेलेलाच असतो. धक्क्यावर फूटपट्टी लावून तो जिवंत होत नाही. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी सगळ्यांनाच श्वास देते, पण वर्षभर विणाऱ्या मुशीला ती नेमक्या विणीत वाचवते, असं म्हणता येणार नाही. त्यापेक्षा ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चाळीस मिलिमीटरचा चौकोनी आस (जाळीचं भोक), आणि जिथे पिल्लं जास्त दिसतात अशा खाड्यांच्या तोंडाशी काही आठवडे जाळी न लावण्याचा गावागावांतला करार, या गोष्टी पाण्यातच काम करतात. त्यात कोळ्याचं नुकसान आहे. ते भरून देण्याची तजवीज नसेल, तर करार कागदावरच राहील.

आणखी एक गुंता ताटातला. मालवण-गोव्याकडे ‘मोरीचं मटण’ हॉटेलांच्या पाटीवर चढल्यापासून लहान शार्कला मागणी आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती खाऊ घालण्याची जुनी रीत वेगळीच. स्कॉलिओडॉन खाल्ली म्हणून मला दुःख नाही. पण मालवणच्या किनाऱ्यावर हातोडीडोक्या शार्कची नुकती जन्मलेली पिल्लंही उतरतात, आणि ती जात जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. ती पिल्लंही हातभरच लांब. मोरी गरम पाण्यात बुडवून कातडी खरवडली, डोकं उडवलं आणि तुकडे केले, की प्राणिशास्त्राचा प्राध्यापकही कुठला तुकडा कोणाचा हे सांगू शकत नाही.

पंख अंगाला ठेवण्याचा नियम झाला, तसा डोकं अंगाला ठेवण्याचा का होऊ नये? वजन डोक्यासकट करावं आणि कापणं गिऱ्हाइकासमोर व्हावं. ही जाळी बदलण्यापेक्षा स्वस्त गोष्ट आहे. अडचण एकच: मुशीची कातडी पॉलिश पेपरासारखी खरखरीत, ती सोलायला वेळ लागतो आणि सकाळच्या घाईत मासळी विकणाऱ्या बाईकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून ती आधीच साफ करून, तुकडे मांडूनच बसते. त्या कष्टाचे पैसे गिऱ्हाइकाने वेगळे मोजायला हवेत, आणि मोजणारं गिऱ्हाईक अजून कमीच भेटतं.