ऐकणाऱ्याचा लुकमा

बोलणारा बोलतो आणि ऐकणारा ऐकतो. वरवर साध्या वाटणाऱ्या या विभागणीवर आपला बहुतेक सामाजिक व्यवहार उभा आहे. मिंबरवर खतीब, खुर्चीवर सदर, फळ्यापाशी उस्ताद. आणि समोर गप्प बसलेली माणसे. ऐकणाऱ्याचे कर्तव्य काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की अदबीने ऐकणे. बी.एड.च्या वर्गात संप्रेषण शिकवतात तेव्हाही दोन चौकोन काढतात, एक प्रेषकाचा आणि एक ग्राहकाचा, आणि मध्ये बाण. (परतीचा बाणही असतो, पण तो तुटक रेषेचा आणि परीक्षेपुरता.)

ऐकणाऱ्याला बोलणाऱ्यास रोखण्याचा हक्क आहे काय? आणि हक्क असेल तर ती जबाबदारीही आहे काय? हा प्रश्न मला नीतीचा वाटतो. त्यावर विचार करताना मेंदूविज्ञानातले एक प्रकरण मला फार उपयोगी पडले, म्हणून ते आधी सांगतो.

शाळेच्या पुस्तकात चेतापेशीचे, म्हणजे असबी खलियाचे, चित्र असते. एका बाजूला झाडासारख्या फांद्या, त्या वृक्षिका. दुसऱ्या बाजूला लांब शेपूट, तो अक्षतंतू. वृक्षिका संदेश घेतात, अक्षतंतू तो पुढच्या पेशीला देतो. दोन पेशी जिथे भेटतात त्या जागेला इंग्लंडच्या शेरिंग्टनने १८९७ मध्ये सायनॅप्स हे नाव दिले. संदेश एकाच दिशेने जातो हा नियम त्याआधीच, १८९१ च्या सुमारास, स्पेनच्या रामोन ई काहालने मांडला होता. काहाल हा या शास्त्राचा इमामच. १९०६ चे नोबेल त्याला इटलीच्या गॉल्जीबरोबर विभागून मिळाले. त्याचा नियम चुकीचा नव्हता, आजही बहुसंख्य पेशींना तो लागू पडतो. वृक्षिका म्हणजे कान आणि अक्षतंतू म्हणजे तोंड, हे गणित पक्के झाले.

पण नाकाच्या वर, मेंदूच्या तळाशी पुढे, घ्राणकंद नावाचा एक लहानसा भाग आहे. वासाची खबर नाकातून प्रथम तिथे पोहोचते. त्यात दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या आहेत. मायट्रल पेशी वासाची खबर मेंदूत पुढे पाठवतात. त्यांच्या भोवती संख्येने कितीतरी जास्त, आकाराने चिमुकल्या ग्रॅन्युल पेशी असतात. गंमत अशी की ग्रॅन्युल पेशीला अक्षतंतूच नाही. कान आहेत, तोंड नाही. गॉल्जीने १८७५ मध्येच घ्राणकंदाची रचना दाखवली होती आणि या पेशींचे वेगळेपण जुन्या शास्त्रज्ञांनी पाहिलेही होते. मग तोंड नसलेली पेशी करते काय, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे तसाच राहिला.

उत्तर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून आले. विल्फ्रिड राल हा भौतिकशास्त्रातून आलेला माणूस आणि गॉर्डन शेफर्ड हा डॉक्टर, या दोघांनी विजेच्या नोंदी समोर ठेवून गणित मांडले. मायट्रल पेशीला तिच्या शेजारून कुणीतरी दाबत आहे, आणि ते काम ग्रॅन्युल पेशीच आपल्या वृक्षिकांतून करीत असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्याच संस्थेत रीझ आणि ब्राइटमन हे दोघे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच भाग बघत होते. त्यांच्या छायाचित्रांत ती गोष्ट प्रत्यक्ष दिसली. वृक्षिकेला वृक्षिका भिडलेली, आणि एकाच जागी शेजारी शेजारी दोन सायनॅप्स, एक जाणारा, एक येणारा. चौघांनी मिळून लेख लिहिला.

तिथे घडते ते असे. मायट्रल पेशीची वृक्षिका ग्लुटामेट हे रसायन सोडून ग्रॅन्युल पेशीला उत्तेजित करते. ग्रॅन्युल पेशीच्या वृक्षिकेवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी गाठ असते. तीच गाठ तत्काळ गाबा हे रसायन सोडून बोलणाऱ्या पेशीला सांगते की आता थांब. ना वर कुठे अर्ज, ना हुकूम येण्याची वाट. ज्या कानाने ऐकले त्याच कानाने उत्तर दिले. या रोखण्यामुळे वास मारला जात नाही, उलट त्याची कड स्पष्ट होते, दोन जवळचे वास वेगळे ओळखता येतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

इथे एक सावधगिरी हवी. निसर्गात अमुक आहे म्हणून माणसाने तसे वागावे, हा युक्तिवाद लंगडा आहे. निसर्गात मोठा मासा लहान माशाला खातो. तेव्हा घ्राणकंदातून फतवा काढण्याचा माझा इरादा नाही. माझे म्हणणे एवढेच की ऐकणे म्हणजे केवळ घेणे, ही आपली कल्पना जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती नाही. आणि आपल्या दीनी व्यवहारात तर ती मुळातच नाही.

जमातच्या नमाजइतकी शिस्तबद्ध सभा दुसरी नसेल. इमाम रुकूत गेला की सफ रुकूत जाते. तरीही इमाम किरअत करताना अडकला तर मागचा मुक्तदी लुकमा देतो. चार रकातींची नमाज असताना इमाम पाचवीला उठू लागला तर मागून 'सुब्हानल्लाह' ऐकू येते. स्त्रियांसाठी हातावर हात मारण्याची तरतूद हदीसमध्ये आहे. हनफी फिकहमधली एक बारकी बाब मला फार आवडते. लुकमा त्या नमाजमध्ये सामील असलेल्यानेच द्यायचा. बाहेरच्या माणसाचा लुकमा इमामने घेतला तर नमाज फासिद होते. शिवाय मुक्तदीने घाई करू नये, इमामला सावरायला वाव द्यावा, हेही फुकहा सांगतात. रोखण्याचा अधिकार आहे, तो आतल्या माणसाला आहे, आणि त्यालाही अदब आहे. लुकमा देणाऱ्याला कुणी गुस्ताख म्हणत नाही.

मशिदीच्या पायऱ्या उतरल्यावर हे सारे कुठे जाते?

घ्राणकंदाची एक दुसरी बाजू मी अजून सांगितलेली नाही. ग्रॅन्युल पेशी फक्त बोलणाऱ्याला रोखत नाही. तिच्या वृक्षिका आजूबाजूच्या अनेक मायट्रल पेशींना भिडलेल्या असतात. एखादी जोरात बोलली की ग्रॅन्युल पेशी तिच्याबरोबर शेजारच्या, हळू बोलणाऱ्या पेशींनाही दाबते. वासाच्या कामी हे उपयोगाचे असेल. माणसांत मात्र याचे रूप मी एका पालकसभेत पाहिले. दहावीनंतर मुलींनी एस.टी.ने तालुक्याच्या कॉलेजला जावे की नाही, यावर वस्तीतले एक बुजुर्ग बोलत होते. माहौल खराब आहे, वगैरे. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "मेरी बेटी तो रोज जाती, उसको कोई कुछ नहीं बोलता." बुजुर्ग काही बोलायच्या आत शेजारच्या दोघींनी तिचा पदर ओढला. "चुप बैठ गे, बडे लोगां बोल रहे."

बुजुर्गांनी तिला गप्प केले नव्हते. त्यांना ते वाक्य ऐकू गेले असेल की नाही, याचीही शंका आहे. गप्प केले ते ऐकणाऱ्यांनीच. खुतबा चालू असताना शेजाऱ्याला 'गप्प रहा' म्हणणेसुद्धा लग्व ठरते, असे आपण हदीसमध्ये वाचतो, आणि इथे तर खुतबाही नव्हता. शिवाय त्या दोघी वाईट नव्हत्या. बिचारीची चारचौघांत फजिती होऊ नये, एवढेच त्यांच्या मनात असावे. पण ग्रॅन्युल पेशीला शेजारणीला दाबायचे की नाही हे ठरवता येत नाही. त्या दोघींना येत होते. एस.टी.ने रोज जाणाऱ्या मुलीची खबर त्या सभेत एकाच व्यक्तीपाशी होती.

पुढच्या पालकसभेत बायकांची बाके पुढे मांडावीत असे मी सुचवले आहे. मुख्याध्यापकांनी मान हलवली. कमिटीच्या एका सदस्याने विचारले, "मग पुरुष कुठे बसणार?"