नटाची भक्ती

भक्ताची भूमिका करणाऱ्या नटाच्या अंतःकरणात भक्ती असावी लागते का, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राने चित्रपटाच्या जन्माआधी कित्येक शतके हाताळला होता. काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्त यांच्या मते रस, म्हणजे वैयक्तिक सुखदुःखापलीकडचा कलास्वाद, प्रेक्षकाचा असतो. नट हे त्याचे साधन, आणि भांडे काही मद्य चाखत नाही. मात्र भरताचे नाट्यशास्त्र अश्रू, रोमांच, स्वरभंग हे सात्त्विक भाव, म्हणजे मन एकाग्र झाल्याखेरीज देहावर न उमटणारे विकार, नटाकडूनच अपेक्षिते.

प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (1936) या चित्रपटात तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस पाहताना हा पेच विशेष तीव्र होतो. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या या नटाच्या तुकारामात आविर्भाव जवळजवळ नाही. पत्नी जिजाईचा (भूमिका गौरी यांची) संताप ओसंडत असता त्यांचा चेहरा निवांत राहतो आणि भजनात डोळे, स्वर व देह एकाच लयीत विसावतात. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. पागनीसांच्या बाबतीत अभिनवगुप्तांची नट आणि प्रेक्षक ही विभागणी अपुरी पडते, कारण वारकरी साधनेत नामाचा पुनःपुन्हा उच्चार हाच मनाला घडवतो आणि तालमीतील उच्चारालाही ते सामर्थ्य नाकारता येत नाही. तुकोबांनी दंभावर कठोर प्रहार केले हे खरे. पण दांभिक आपले सोंग लपवतो, तर नट ते उघडपणे धारण करतो, म्हणून तो प्रहार पागनीसांसारख्या नटाला लागू होत नाही.