पाणी किती फुटांवर?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली, की ख्यालीखुशालीच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची चौकशी होते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. २०१९ मध्ये चिखली-आंबेवाडीतली माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली. एवढं सोसल्यावर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळताच काळजात धस्स होणं, हा काही आजार नव्हे. त्या धास्तीमुळेच तर सामान वेळेत माळ्यावर चढतं.

पण पूर ओसरून महिने लोटले, डिसेंबर उजाडला, तरी भीती ओसरत नसेल तर?

अशा घरात रात्री अंथरुणातून उठून कुणीतरी मोबाईलवर पाण्याची पातळी पाहतं. झोप उडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड वाढते. पुढे काळजीला पुराचंही निमित्त लागत नाही. पोराला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी पुरतं. अशी आवरता न येणारी काळजी सहा महिने, बहुतेक दिवस टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर डॉक्टर तिला चिंताविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी लोकांना कुठला ना कुठला चिंताविकार होता. पूर हे त्याचं एक कारण. आनुवंशिकता, स्वभाव, कर्ज, थायरॉईडचा बिघाड अशी इतरही असतात.

काहींना चिंतेचा झटकाच येतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ‘आता मी जगत नाही’ असं वाटतं. असं पहिल्यांदा झालं तर दवाखाना गाठायलाच हवा. मात्र ईसीजी नीट आला, की घरचे सुटकेनं म्हणतात, ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नको.’ हे वाक्य अगदी निरुपयोगी. धडधड खरीच असते, अॅड्रेनालिननं केलेली. वाघ समोर नसताना शरीर पळायच्या तयारीला लागलेलं असतं. झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठतो आणि मग हळूहळू उतरतो. तेवढा वेळ शेजारी बसून, ‘त्रास होतोय, कळतंय मला, उतरेल हा,’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

खरा पेच मायेचा आहे. बायको दिवसातून वीसदा विचारते, ‘पाणी येणार नाही ना?’ आणि नवरा वीसदा ‘नाही गं’ म्हणतो. प्रत्येक उत्तरानं घटकाभर बरं वाटतं, आणि विचारल्याशिवाय चैन न पडण्याची सवय पक्की होते. बाजारात जायची भीती वाटते म्हणून घरच्यांनी तिची सगळी कामं अंगावर घेतली, तर बाजार तिच्यासाठी आणखी लांब जातो. म्हणून तिच्याशी ठरवून, एकदा उत्तर द्यावं. पुढच्या वेळी ‘आत्ता काळजी बोलतेय का?’ असं हळूच विचारावं. आज कोपऱ्यापर्यंत, परवा मंडईपर्यंत सोबत जावं. ढकलू नये, उचलूनही नेऊ नये.

वर्तनोपचारही याच वाटेनं जातो. लागली तर औषधं असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणणं मात्र घातक, त्यांची सवय लागते. उतारा-अंगाऱ्यात वर्षं घालवू नयेत. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. तिथं मराठीत बोलता येतं, आणि रुग्णाप्रमाणेच घरच्यांनाही फोन करता येतो.