साक्षींचा क्रम आणि इतिहासकाराचा न्याय

दूरचित्रवाणीचे लेखक-निर्माते मार्क ऑल्टमन यांनी एडवर्ड ग्रॉस यांच्यासह सिद्ध केलेला ‘द फिफ्टी-इयर मिशन’ (२०१६) हा द्विखंडात्मक ग्रंथ म्हणजे १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’चा मौखिक इतिहास होय. अशा इतिहासात परस्परविरोधी साक्षी शेजारीशेजारी ठेवून निवेदक मागे सरतो. या मौनाला तटस्थता म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही; कारण कोणती साक्ष आधी यावी, ती कोठे तोडावी, या निर्णयांतच निवाडा दडलेला असतो. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी १९९१ साली निवर्तले. त्यांचे जुने उद्गार संकलित करता येतात. नंतरच्या आक्षेपांना मात्र ते उत्तर देऊ शकत नाहीत. सर्वांना बोलू दिल्याने मृताविषयीचे ऋण फिटत नाही. स्वतः त्याच व्यवसायातील इतिहासकाराने तरी आपल्या निवडीचे निकष उघड करावेत, एवढी अपेक्षा रास्तच ठरते.