शिट्टीनंतरचा रकाना



बेंगळुरू शहराच्या वायव्येस यशवंतपूर नावाचा भाग आहे. महाराष्ट्रातून रेल्वेने तिकडे जाणाऱ्या पुष्कळांना तो तेथील स्थानकामुळे ठाऊक असेल. मोठी बाजारपेठ, तुमकुरू रस्त्याकडचे कारखाने आणि आसपासची महाविद्यालये यांनी तो परिसर सदैव गजबजलेला असतो. तेथील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचे शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. एके सायंकाळी त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. वर्षभरातील प्रत्येक सामन्यात कोणत्या खेळाडूने किती फाऊल केले, कोणास किती पिवळी कार्डे मिळाली आणि कोणास लाल, याची तीत बारकाईने नोंद होती. एका बचावपटूच्या नावापुढे सर्वांत अधिक कार्डे होती. पुढील स्पर्धेसाठी त्याला संघातून वगळावे, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. शिक्षक म्हणाले, "आकडे तर त्याच्या विरुद्धच आहेत. पण माझे मन साक्ष देत नाही. शिस्त अशी मोजता येते का हो?"

तो प्रश्न मी तेथेच ठेवून येऊ शकलो नाही. तो आपणांपुढे मांडावा, असे वाटते. कारण अशी वही केवळ त्या शिक्षकांजवळ आहे, असे नाही.

प्रथम आकड्यांची बाजू ऐकू या. खेळात दंडाची व्यवस्था असते, ती दुर्बलाच्या रक्षणासाठी. १९६६ सालच्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात कोणास ताकीद मिळाली व कोणास बाहेर काढले, याचा मोठा गोंधळ झाला. त्यानंतर केन अ‍ॅस्टन या इंग्लिश पंचांना रस्त्यावरील वाहतुकीचे दिवे पाहून पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम अमलात आली. भाषा कोणतीही असो, अपराध झाला हे सर्वांना एकाच क्षणी कळू लागले. अपराधाला अपराध म्हणणारे कोणी नसेल, तर मैदानावर दांडग्यांचेच राज्य होईल. नियमशास्त्र दिले गेले, तेही पाप हे पाप म्हणून ओळखता यावे याकरिता, असे पौल सांगतो. तेव्हा ज्या संघास सामन्यामागून सामन्यात कार्डे मिळतात, त्याने आत्मपरीक्षण केलेच पाहिजे. "पंच आमच्यावर डूख धरून असतात" ही सबब एखाद्या दिवशी खरी असेल. वर्षभर खरी असणार नाही.

परंतु आकडा सर्व काही सांगतो काय? २०१८ सालच्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल या दोन संघांचे गुण समान झाले. गोलांचा फरक समान, केलेले गोल समान, आणि परस्परांतील सामनाही बरोबरीत सुटलेला. अखेर कार्डे मोजण्यात आली. जपानची पिवळी कार्डे ४ आणि सेनेगलची ६. तेवढ्यावर जपान पुढे गेला आणि सेनेगल घरी परतला. विश्वचषकात असा निर्णय होण्याची ती पहिलीच वेळ होती. नियमाप्रमाणे ते योग्यच झाले. पण २८ जूनच्या त्या सामन्याची शेवटची मिनिटे ज्यांनी पाहिली, त्यांना ती विसरता येणार नाहीत. जपान पोलंडकडून १-० असा हरत होता. तरी बरोबरी साधण्याचा यत्न सोडून त्याचे खेळाडू आपसांत चेंडू फिरवीत राहिले. कारण आणखी एक गोल किंवा एखादे कार्ड अंगावर येऊ नये, एवढीच त्यांना चिंता होती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. तथापि कार्ड टाळणे हेच जेव्हा खेळाचे ध्येय होते, तेव्हा खेळ उरतो काय?

याच्या उलट बाजूही आहे. १९८६ साली मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. पंचांनी तो पाहिला नाही. त्या कृत्याबद्दल वहीत एकही दंड नाही; तेथे केवळ एक गोल लिहिलेला आहे. सर्वांत मोठे अपराध पुष्कळदा अशा कोऱ्या जागेतच असतात.

आणि खुद्द बेंगळुरूचे उदाहरण घ्या. ३ मार्च २०२३ रोजी श्री कांतीरवा स्टेडियममध्ये बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स या संघांत बाद फेरीचा सामना चालू होता. जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळचे खेळाडू सज्ज होण्यापूर्वीच फ्री किक घेऊन गोल केला, आणि पंचांनी तो मान्य केला. आपणांवर अन्याय झाला, अशी केरळ संघाची भावना झाली आणि प्रशिक्षकांनी सारा संघ मैदानाबाहेर नेला. पुढे त्या संघास ४ कोटी रुपयांचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली. त्या गोलाविषयी मतभेद असू शकतात. परंतु ध्यानात घ्या, धसमुसळा खेळ करून जे कोणाच्या हातून घडले नव्हते, ते मैदान सोडल्याने घडले. शिस्तीची खरी कसोटी धावताना पाय अडखळतो त्या क्षणी लागत नाही. निर्णय आपल्या विरुद्ध गेल्यावर आपण काय करतो, तेथे ती लागते.

हे सारे मी त्या शिक्षकांना सांगितले आणि आम्ही दोघे वहीतील एकेक नोंद आठवून पाहू लागलो. त्या बचावपटूची बहुतेक कार्डे सामन्याच्या शेवटच्या भागातील होती. इतरांच्या हातून निसटलेला प्रतिस्पर्धी अडवण्यास तो धावत असे आणि थकलेल्या पायांनी क्षणभर उशिरा पोहोचत असे. पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल त्यास एकही कार्ड नव्हते. पाडलेल्या खेळाडूला तो बहुधा स्वतःच हात देऊन उठवी. याउलट, ज्याच्या नावापुढे एकही कार्ड नव्हते असा एक खेळाडू होता. तो पंचांची पाठ फिरताच प्रतिस्पर्ध्याला डिवचत असे, आणि त्याने चिडून धक्का दिला की स्वतः लोळण घेत असे. वहीत तो निष्कलंक होता.

प्रियजनहो, परूशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेस गेले, तो दाखला आपणांस पाठ आहे. परूशाची वही उत्तम होती. आठवड्यातील उपास मोजलेले, दशांश मोजलेला. त्यात खोटे काहीच नव्हते. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाविषयीचा तुच्छभाव लिहिण्यास तीत रकाना नव्हता. जकातदाराची वही काळीकुट्ट होती, आणि ती त्याने स्वतःच उघडून दाखवली. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

पेत्रालाही मोजण्याची सवय होती. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे त्याने विचारले. प्रभूने अशी संख्या सांगितली की मोजणाऱ्याने मोजणेच सोडून द्यावे. आणि पुढे त्याच पेत्राच्या नावावर एका रात्रीत तीन नकार जमा झाले. कोंबडा आरवला, ती जणू शिट्टीच होती. प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले. आणि पेत्राने हुज्जत घातली नाही, सबब सांगितली नाही, तो बाहेर जाऊन अत्यंत दुःखाने रडला. नंतर सरोवराच्या काठी प्रभूने त्यास तीन वेळा एकच प्रश्न विचारला आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. तीन नकारांचा हिशेब प्रभूला ठाऊक नव्हता, असे नाही. परंतु तो हिशेबापाशी थांबला नाही.

फुटबॉलच्या इतिहासातही याची एक छाया दिसते. पावलो दी कानियो या इटालियन खेळाडूने १९९८ साली इंग्लंडमधील एका सामन्यात पंचांनाच ढकलून पाडले आणि ११ सामन्यांची बंदी भोगली. त्याच मनुष्याने डिसेंबर २००० मध्ये, एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडला आहे हे पाहताच, गोल करण्याची संधी सोडून आलेला चेंडू हातांत झेलला आणि खेळ थांबवला. फिफाने त्याचा गौरव केला. एवढ्यावरून तो संत ठरत नाही. पण १९९८ ची नोंद वाचून २००० सालचा तो क्षण कोणी ओळखू शकले असते काय?

मग वही फेकून द्यावी काय? नाही. आपली वही आपण अवश्य ठेवावी, आणि परमेश्वरापुढे रोज उघडावी. परंतु मुलांची, सुनेची, मंडळीतील दुर्बल बंधूची वही जेव्हा आपण हाती घेतो, तेव्हा किती वेळा चुकला एवढेच पाहून ती मिटू नये. दुर्बलतेने चुकला की द्वेषाने? कोणाचा भार वाहताना चुकला? आणि चूक दाखवल्यावर त्याने काय केले? प्रीती अपकारांचा हिशेब ठेवीत नाही, या वचनाचा अर्थ प्रीती आंधळी असते असा नव्हे. आपणांस जे दिसले, त्याने मनुष्य संपत नाही, हे ती जाणते.

त्या शिक्षकांनी त्या मुलास संघात ठेवले. उशिरा पोहोचणाऱ्या पायांसाठी त्याच्याकडून अधिक सराव मात्र करून घेतला. कारण क्षमा म्हणजे सुधारणेतून सुटका नव्हे. दुसऱ्या मुलाशी ते एकांतात बोलले. आणि वहीत त्यांनी रेघ मारून एक नवा रकाना आखला: 'शिट्टीनंतर काय केले?'

वाचकहो, आपल्या वहीत तो रकाना आहे काय? नसेल तर आजच आखू या. कारण ज्याच्या कृपेवर आपण उभे आहोत, त्याने आपली वही उघडून केवळ बेरीज केली असती, तर आपणांपैकी कोण मैदानात उरला असता?