अनुतापाचे तीर्थ

मागल्या चुकीची खंत मनातून कशी काढावी, असे पुष्कळ माळकरी विचारतात. रेडीकडे या प्रश्नाला एक ठरलेले रूप आहे. आषाढी येते तेव्हा भाताची लावणी. कोकणी माणसाचा पाय चिखलातून निघत नाही. मग "येत्या कार्तिकीला नेऊ" म्हणता म्हणता वर्षे जातात आणि एक दिवस आईच जाते. मुलगा पुढे वारी धरतो, पण रखुमाईसमोर त्याची मान वर होत नाही. "आवशीक पंढरी दाखवची रवली," एवढेच तो म्हणतो.

ही खंत खोटी नव्हे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात अनुतापाला तीर्थच म्हटले आहे. दुराचारीसुद्धा त्यात न्हाऊन देवापाशी येतो. पण तीर्थात माणूस बुडी मारतो, अंग पुसतो आणि देवळाकडे चालू लागतो. पाण्यातच बसून राहिला तर काकडेल, दर्शन कुठले? दहा-दहा वर्षे खंत उगाळण्यात देवापेक्षा आपलीच आठवण जास्त असते, असे आम्हाला वाटते.

पुंडलिकाचे पाहा. त्याने आधी आईबापांना छळले, अशी कथा आहे. पस्तावल्यावर तो रडत बसला नाही, त्यांचे पाय चेपू लागला. देव दारी आला तरी हात थांबला नाही. वीट तेवढी फेकली.

कोणी म्हणेल, अहो, त्याचे आईबाप जिवंत होते, माझी आई गेली! खरे आहे. म्हणून तुकोबांकडे जावे. दुष्काळात त्यांची एक बायको अन्न अन्न करीत गेली आणि जिवाला लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. तिला आता जेवू घालता येणार नव्हते. मग त्यांनी भंगलेले देऊळ सावरायला घेतले, एकादशीला कीर्तन आरंभिले, संतांची वचने पाठ केली. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. बायकोचे ऋण असे परक्यांच्या घरी फिटले.

रेडीच्या मुलाने शेजारी पाहावे. पंढरी राहून गेलेली एखादी म्हातारी त्याच वाडीत असेल. कार्तिकीला तिचे गाठोडे आपल्या डोक्यावर घ्यावे, हात धरून तिला चंद्रभागेत उतरवावे. ती पायांवर डोके ठेवील तेव्हा मागून गर्दीचा रेटा येतो, तो आपल्या पाठीवर घ्यावा.